छेद कोणता धरायचा? मुंबई शहर, उपनगर आणि घनतेचा एक तक्ता

दिवाळीच्या सुट्टीत भाची मुलुंडहून आली ती लॅपटॉप घेऊनच. एस. वाय.ला भूगोल आहे, प्रकल्पाचा विषय 'मुंबई शहर आणि उपनगर : लोकसंख्येच्या घनतेची तुलना'. फराळाची ताटली बाजूला सारून तिने पहिल्याच पानावरचा निष्कर्ष वाचून दाखवला : उपनगर जिल्हा शहरापेक्षा दाट आहे.

मी हसलो. मी भुलेश्वरच्या चाळीत वाढलेला माणूस. आमच्या गल्लीत हातगाडी शिरली की समोरून येणाऱ्याने दुकानाच्या पायरीवर चढून उभं राहायचं, हा अलिखित नियम. मुलुंडला बहिणीकडे गेलो की गच्चीवरून डोंगर दिसतो, झाडं दिसतात. म्हटलं, काहीतरी उलटं टाइप झालंय.

"मामा, जनगणनेचा आकडा आहे," ती म्हणाली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

आकडा खरंच जनगणनेचा होता. २०११ साली मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०,८५,४११, क्षेत्रफळ १५७ चौरस किलोमीटर, घनता १९,६५२. मुंबई उपनगर जिल्हा ९३,५६,९६२ माणसं, ४४६ चौरस किलोमीटर, घनता २०,९८०. भागाकार करून पाहिला, दोन्ही उत्तरं बरोबर. म्हणजे दर चौरस किलोमीटरला उपनगरात शहरापेक्षा तेराशेवर माणसं जास्त. मराठी वर्तमानपत्रांपासून स्पर्धा परीक्षेच्या गाइडांपर्यंत हेच छापलेलं असतं, 'राज्यातील सर्वाधिक घनतेचा जिल्हा : मुंबई उपनगर'. परीक्षेत वेगळं उत्तर लिहिलंत तर गुण जातील.

त्या संध्याकाळपासून पुढचे तीन दिवस आम्ही त्या एका तक्त्यात काय काय खोदलं, ते इथे मांडतो.

१५७ चौरस किलोमीटर कुठे आहेत?

मला खटकलं ते १५७. मुंबई शहर म्हणजे जुनं बेट : दक्षिणेला कुलाबा, उत्तरेला माहीम आणि शीव. सरळ रेषेत ही लांबी सोळा-सतरा किलोमीटर. रुंदी कुठे दोन, कुठे तीन, वरळीच्या समुद्रापासून शिवडीच्या धक्क्यापर्यंत फार तर पाचेक. सरासरी चार धरा. सोळा चोक चौसष्ट, म्हणजे हिशेब पासष्ट-सत्तर चौरस किलोमीटरच्या आसपास यायला हवा. १५७ यायला सरासरी रुंदी साडेनऊ किलोमीटर लागेल. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला बंदर, मग उरलेली रुंदी पाण्यावरच आखावी लागते.

भाचीने फोनवरच्या नकाशात पट्टी लावून मोजलं. तेच. मग महापालिकेचे जुने तक्ते पाहिले. तिथे बेटाचं क्षेत्रफळ ६८ चौरस किलोमीटरच्या आसपास, उपनगरांचं ३७० च्या आसपास, दोन्ही मिळून साधारण ४३८. आणि जनगणनेची बेरीज १५७ अधिक ४४६, म्हणजे ६०३. एकाच मुंबईच्या दोन क्षेत्रफळांत १६५ चौरस किलोमीटरचा फरक! तेवढ्या जागेत जुनं बेट दोनदा मावेल.

आता गंमत पाहा. जास्तीचं क्षेत्रफळ दोन्ही जिल्ह्यांना सारख्या प्रमाणात चिकटलेलं नाही. शहराचा छेद ६८ वरून १५७ झाला, म्हणजे सव्वादोनपटीहून जास्त. उपनगराचा ३७० वरून ४४६, जेमतेम एक-पंचमांश वाढ. अंश तोच, माणसं तीच. पण ६८ ने भागलं की शहराची घनता ४५ हजारांवर जाते आणि ३७० ने भागलं की उपनगराची २५ हजारांवर. क्रम पार उलटतो. भुलेश्वरच्या पायरीवर उभं राहिलेल्या माणसाला जे माहीत होतं ते आता कागदावर आलं.

भाचीचा चेहरा पडला. "मग जनगणना चुकली?"

नाही. जिल्ह्याच्या नोंदीतलं क्षेत्रफळ वेगळं आणि पायाखालची जमीन वेगळी, एवढंच. जनगणनेने जिल्ह्याचं क्षेत्रफळ जिल्हा म्हणून दिलं आणि लोकसंख्येला त्याने भागलं. तो भागाकार 'मुंबईत कुठे जास्त गर्दीने राहतात' या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरणारे आपण.

आणि त्या तक्त्यातूनही एक खरी गोष्ट हाताला लागतेच. हेच छेद धरून २००१ चे आकडे काढले तर शहर २१,२६१ आणि उपनगर १९,३७३. तेव्हा शहर पुढे होतं. दहा वर्षांत शहरातली अडीच लाख माणसं घटली, उपनगरात सात लाखांहून जास्त वाढली, आणि तक्त्यातला क्रम फिरला. छेद दोन्ही वेळी तोच असल्यामुळे बदलाची दिशा विश्वासार्ह आहे : बेट रिकामं होत चाललंय, उपनगर भरतंय. पातळी मात्र त्यावरून सांगू नये.

जंगलाला माणसं वाटून दिली

दुसऱ्या दिवशी भाची तावातावाने उलट बाजूने आली. बेटाच्या छेदातलं पाणी काढलंस, मग उपनगराच्या छेदातलं जंगल का ठेवलंस?

मुद्दा बिनतोड होता. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. त्यातला साठेक चौरस किलोमीटरचा भाग ठाणे जिल्ह्यात, आणि ४४ चौरस किलोमीटर मुंबई उपनगरात. ३७० मधून ४४ वजा केले की उपनगराची घनता २५ हजारांवरून २८,७०० वर जाते. आरे दूध वसाहत साधारण १३ चौरस किलोमीटर, विमानतळ साडेसात. तेही काढले तर तीस हजार ओलांडते. अजून तुळशी-विहार-पवईचे तलाव, भांडुप-मुलुंडची मिठागरं, तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र, खाडीकाठची तिवरं शिल्लकच आहेत.

पण एकाच बाजूने कात्री चालवली तर ती लबाडी झाली. बेटावरही गोदी आहे, कुलाब्याची लष्करी वसाहत आहे, रेसकोर्स आहे, रेल्वेची यार्डं आहेत. नगररचनेत याला एकूण घनता आणि निवासी घनता असं वेगळं ओळखतात. पहिलीत सगळी जमीन छेदात, दुसरीत फक्त राहण्याची. तुलना करताना दोन्हीकडे एकच जात हवी. आणि जंगल छेदातून काढलं तरी उद्यानातल्या आणि आरेतल्या पाड्यांवर राहणारे वारली, मल्हार कोळी अंशात राहतातच. जमीन गायब, माणसं जागच्या जागी. त्यामुळे निवासी घनतेचा आकडा दिसायला शास्त्रीय असला तरी त्यातही कुणीतरी कुठेतरी रेघ मारलेली असते.

तिला मग वॉर्डांकडे वळवलं. २०११ ला मुंबईत २४ प्रशासकीय वॉर्ड होते, ९ बेटावर, १५ उपनगरात. आणि इथे 'शहर विरुद्ध उपनगर' ही जोडीच फुटली.

आमचा सी वॉर्ड म्हणजे भुलेश्वर, काळबादेवी, झवेरी बाजार. जमीन दोन चौरस किलोमीटरही नाही, १.९ धरू. माणसं १,६६,१६१. दर चौरस किलोमीटरला ८७ हजार. त्याच बेटाच्या टोकाला ए वॉर्ड : कुलाबा, फोर्ट, चर्चगेट, नरिमन पॉइंट. १,८५,०१४ माणसं, जमीन बाराएक चौरस किलोमीटर, घनता पंधरा हजारांच्या घरात. म्हणजे सी वॉर्डाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी, आणि अंतर किती, तर मरीन लाइन्स आणि चर्चगेट, लोकलची शेजारशेजारची स्टेशनं!

उपनगरात कुर्ल्याचा एल वॉर्ड : ९,०२,२२५ माणसं, सुमारे १६ चौरस किलोमीटर, घनता ५६ हजार. विमानतळाची काही जमीन आणि मिठी नदी धरूनसुद्धा. उपनगर म्हणावं तर बेटाच्या सरासरीपेक्षा दाट. आणि भाचीचा मुलुंड म्हणजे टी वॉर्ड : ३,४१,४६३ माणसं, जमीन ४५ चौरस किलोमीटरच्या आसपास, घनता साडेसात हजार.

"आमच्या स्टेशनबाहेर संध्याकाळी सहाला उभा राहून दाखव, मग सांग साडेसात हजार," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. टी वॉर्डाच्या पोटात राष्ट्रीय उद्यानाचा मोठा डोंगराळ तुकडा आहे, पूर्वेला मिठागरं आणि खाडी आहे. माणसं राहतात ती मधल्या पट्ट्यात, रेल्वेच्या दोन्ही अंगांना. साडेसात हजार हा आकडा बिबट्याच्या वाट्यालाही माणसं देऊन काढलेला आहे.

राहणाऱ्याला किती दाट वाटतं

यावर एक जुनी युक्ती आहे, ती तिला दाखवली. सरासरी काढताना जमिनीला विचारू नये, माणसाला विचारावं.

फक्त दोन वॉर्ड घ्या, सी आणि टी. सरळ बेरीज केली तर ५,०७,६२४ माणसं, ४६.९ चौरस किलोमीटर, घनता १०,८०० च्या आसपास. आता असं करा : या पाच लाखांतल्या प्रत्येकाला विचारा, 'तुझ्या वॉर्डाची घनता किती?' दीड लाखाहून जास्त लोक सांगतील ८७ हजार, साडेतीन लाखांच्या आसपास लोक सांगतील साडेसात हजार. या उत्तरांची सरासरी येते ३३,७०० च्या जवळ. एकाच जागेचे, एकाच माणसांचे दोन आकडे, एक दुसऱ्याच्या तिप्पट. पहिला आकडा जमिनीचा, दुसरा तिथे राहणाऱ्यांचा. पाणी, कचरा, शाळा यांचा विचार करायचा असेल तर मला दुसरा जास्त कामाचा वाटतो. आणि तुकडे जितके बारीक कराल, वॉर्डाऐवजी मोहल्ला, मोहल्ल्याऐवजी गल्ली, तितका तो वर चढतो, कारण मोकळ्या जागा आपोआप वेगळ्या पडतात. म्हणून दोन शहरांची अशी सरासरी शेजारी ठेवताना तुकड्यांचा आकार सारखा आहे का, हे आधी पाहायचं.

हाच प्रकार मोठ्या पट्टीवर ठाण्यात. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची घनता १,१५७. त्यात कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर वस्ती आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगर एकत्र कालवलेले. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर वेगळा झाला. माणूस जागचा हलला नाही, पण दोन्ही जिल्ह्यांच्या घनतेचे आकडे एका रात्रीत वेगळे झाले.

उंच म्हणजे दाट नव्हे

भाचीच्या प्रकल्पात एक वाक्य होतं, 'टॉवरमुळे दक्षिण व मध्य मुंबईत लोकसंख्येची घनता वाढत आहे.' सगळेच असं बोलतात. लोअर परळच्या पुलावर उभं राहिलं की पटतंही.

लोअर परळ, वरळी, प्रभादेवी येतात जी-दक्षिण वॉर्डात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या, त्यांच्या जागी काच आली. या वॉर्डाची लोकसंख्या २००१ ला ४,५७,९३१ होती, २०११ ला ३,७७,७४९. ऐंशी हजार माणसं कमी, साडेसतरा टक्के घट. तीही नेमकी टॉवर उभे राहात होते त्या दशकात.

याचा हिशेब मी तिला आमच्या खोलीवरून समजावला. आमची खोली दहा बाय बारा, १२० चौरस फूट, त्यात आम्ही सहा जण. पोटमाळ्यावर दोघं झोपायची, आजोबा गॅलरीत. माणशी वीस चौरस फूट. टॉवरमधला १,२०० चौरस फुटांचा फ्लॅट, चार माणसं, माणशी तीनशे. पंधरा पट. म्हणजे तळमजला अधिक तीन अशा चार मजली चाळीत जितकी माणसं मावतात, तितकी मावायला त्याच पायावर साठ मजली टॉवर लागेल. त्यात टॉवरला मोटारींचे मजले, पोहण्याचा तलाव, चारी बाजूंनी मोकळी जागा. इमारतींची घनता एफएसआयने, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम आहे त्यावरून मोजतात, माणसांची डोक्यांनी, आणि ही दोन मापं एकाच दिशेने चालतील याची हमी नाही.

आमच्या सी वॉर्डात तर टॉवरही फारसे नव्हते, तरी दहा वर्षांत अठरा टक्के माणसं गेली : २,०२,९२२ ची १,६६,१६१ झाली. कशी गेली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मजल्यावरच्या आठ बिऱ्हाडांतली तीन-चार पागडी घेऊन बोरिवली-डोंबिवलीला जातात. त्यांच्या खोलीत दागिने घडवणाऱ्यांचा कारखाना येतो, नाहीतर कापडाचं गोडाऊन. दिवसा जिन्यात पाय ठेवायला जागा नसते. रात्री नऊनंतर मजल्यावर दोन दिवे. गर्दी वाढली आणि घनता घटली, एकाच जिन्यात.

कारण जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते. चर्चगेटला सकाळी लोकल रिकाम्या होतात, ती सगळी डोकी तक्त्यात विरार, वसई, मीरा रोड इथे असतात. ए वॉर्डाचे पंधरा हजार हे झोपेच्या वेळचे. दुपारी बारा वाजता मोजणी केली तर फोर्ट आणि नरिमन पॉइंट कुठल्या कुठे जातील, आणि कुठली तरी डोंबिवली रिकामी दिसेल.

धारावीचा रकाना

तिसऱ्या दिवशी आम्ही जी-उत्तर वॉर्डात अडकलो. दादर पश्चिम, माहीम आणि धारावी, तिन्ही या एकाच वॉर्डात. २०११ ची लोकसंख्या ५,९९,०३९, जमीन नऊएक चौरस किलोमीटर, घनता ६६ हजारांच्या आसपास. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेला माणूस आणि धारावीतल्या नव्वद फुटी रस्त्यामागच्या बोळातला माणूस, दोघांची घनता कागदावर तीच.

साहजिकच भाचीला धारावी वेगळी काढायची होती. जमीन सापडली : दोन ते अडीच चौरस किलोमीटर. माणसं? तीन लाखांपासून दहा लाखांपर्यंत जो आकडा हवा तो मिळतो. १ एप्रिल २०२० ला धारावीत करोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हापासून बातम्यांत साडेआठ लाख हा आकडा रूढ झाला. त्यावरून घनता येते दर चौरस किलोमीटरला साडेतीन लाखांच्या आसपास, आणि 'जगातली सर्वांत दाट वस्ती' असा मथळा तयार होतो.

पण अख्खा जी-उत्तर वॉर्ड जनगणनेत सहा लाखांचा. त्यात दादर-माहीमकर आहेतच. मग एकट्या धारावीत साडेआठ लाख बसवायचे कसे? एकतर जनगणनेतून भाडेकरू, कारखान्यात झोपणारे कामगार मोठ्या संख्येने निसटले, किंवा साडेआठ लाख फुगवलेले, किंवा दोन्ही थोडं थोडं. माझा कल तिसऱ्याकडे आहे. ज्या वस्तीची घनता सगळ्यात जास्त वेळा सांगितली जाते, तिचाच अंश सगळ्यात कच्चा.

वॉर्डाची सरासरी किती कमी सांगते याचा पुरावा त्याच साथीतला आहे. जुलै २०२० मध्ये एम-पश्चिम, एफ-उत्तर आणि आर-उत्तर या तीन वॉर्डांत रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता, त्याच वॉर्डांतल्या इमारतींत १६ टक्के लोकांना. वॉर्ड तेच, रस्त्याची बाजू वेगळी.

गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व तर याहून फसवा. ८,०७,७२० माणसं, जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर, घनता पंचवीस हजार. म्हणजे अगदी उपनगराच्या सरासरीइतकी. नकाशात फिकट रंग येतो, नजर पुढे सरकते. त्या ३२ मध्ये अणुसंशोधन केंद्राचा परिसर आहे, तिवरं आहेत, देवनारचं सव्वाशेहून जास्त हेक्टरचं डम्पिंग ग्राउंड आहे. त्या कचऱ्याच्या डोंगराला खेटून शिवाजीनगर. तिथल्या बोळांतून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दारात शिरावं लागतं. भुलेश्वरला निदान दुकानाची पायरी तरी होती.

शेवटी तिने प्रकल्पाचं नाव तेच ठेवलं, तक्ता बदलला. एका रकान्याचे तीन केले : जिल्ह्याच्या नोंदीतलं क्षेत्रफळ, महापालिकेचं क्षेत्रफळ, आणि उद्यान-तलाव-विमानतळ-गोदी वगळून. खाली वॉर्डवार आकडे, २००१ आणि २०११ शेजारीशेजारी. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढची १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून होणार आहे, तेव्हा सगळा तक्ता जुन्या मुंबईचा आहे, हेही तळटीपेत लिहिलं. जी-उत्तर खाली धारावीची वेगळी ओळ होती. जमीन : २.४, अंदाजे. लोकसंख्या : रिकामं. घनता : रिकामं.

प्रकल्प तपासून परत आला तेव्हा त्या दोन चौकटींभोवती सरांनी लाल शाईने गोल करून लिहिलं होतं, 'माहिती अपूर्ण. आकडा भरून आणा.'

तिने मला फोन केला. "मामा, कुठला भरू?"